छपराविषयी चकार शब्द नको

संसारात एखादा निर्णय नवऱ्यालाही घेऊ द्यावा, असं मला वाटलं. (लग्नाला चारच महिने झाले होते. त्या काळात अशा चुका होतात.) घर मी शोधलं होतं, कर्ज मी मंजूर करून घेतलं होतं, उरला होता फक्त खरेदीखताचा वकील. म्हटलं, तेवढा डंकनला निवडू दे.

डंकनने मिस्टर थ्वेट निवडले. का, तर दर मंगळवारी ते चर्चच्या मनोऱ्यात त्याच्या शेजारी उभे राहून घंटेचा दोर ओढतात.

"त्यांचा ताल फार पक्का आहे," डंकन म्हणाला.

"खरेदीखतात ताल कुठे लागतो?"

"अगं, माणूस कळतो त्यावरून."

घराची कागदपत्रं बघणारा हा प्राणी मोठा मजेशीर असतो. वकील म्हणावं तर त्याने कोर्टाचं तोंड पाहिलेलं नसतं, आणि कारकून म्हणावं तर फी वकिलाची असते. मी त्याच्यासाठी अकरा प्रश्न लिहून काढले. कुंपण कुणाच्या मालकीचं? मागच्या बोळातून जायचा हक्क कुणाकुणाला? पुराचं पाणी कुठवर येतं? आमचं काम तुम्ही स्वतः बघणार, की तुमचं कपाट? डंकनने यादी वाचली आणि घडी करून खिशात घातली.

"एकदम अकरा प्रश्न विचारले तर त्यांना वाटेल, आपला त्यांच्यावर विश्वास नाही."

"नाहीच आहे."

"म्हणून तर विचारायचे नाहीत."

त्याऐवजी तो त्यांना दर आठवड्याला एक नम्र पत्र पाठवायचा. प्रत्येकाचा शेवट एकच: 'काहीही घाई नाही, आपल्या सवडीने.' आता आमच्याकडे या वाक्याचा अर्थ 'आज संध्याकाळपर्यंत करा' असा असतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. थ्वेटसाहेब मात्र नियमाने चालणारे. त्यांनी अक्षर न् अक्षर पाळलं आणि नऊ आठवडे सवड घेतली.

हे नऊ आठवडे आम्ही सासूबाईंच्या मागच्या खोलीत काढले. खोलीत दोन एकेरी पलंग, मध्ये सासऱ्यांच्या मासिकांनी भरलेलं कपाट. (नवविवाहितांना चर्चा करायला विषय हवेत म्हणून असेल.) सकाळी साडेसहाला सासूबाई, म्हणजे मॉरीन, चहाचे दोन कप घेऊन थेट आत यायच्या. दारावर टकटक नाही, कारण हात मोकळे नसत. "उठलाच असाल," असं म्हणून त्या पडदे सारायच्या. आम्ही घेत होतो त्या लार्क कॉटेजला छोट्या खिडक्या होत्या, ओल होती, जिन्यात डोकं आपटत होतं. पण झोपायच्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. मला त्या कडीसकट ते घर हवं होतं. आयुष्यात दुसरं कुठलंच लोखंड मला इतकं हवंसं वाटलेलं नाही.

दहाव्या आठवड्यात थ्वेटसाहेबांनी आम्हाला बोलावलं. चपलांच्या दुकानावरची खोली. साहेबांनी आधी हवेविषयी विचारलं, मग घंटेच्या दोराविषयी, आणि मग खोकले.

"एक जुना नियम आहे. गावातल्या काही जमिनींच्या मालकांनी चर्चच्या वेदीवरचं छप्पर दुरुस्त करून द्यायचं. लार्क कॉटेज त्यांपैकी एक."

"म्हणजे पाऊस चर्चमध्ये पडणार आणि बादली आम्ही धरायची?" मी विचारलं.

"साधारण तसंच. पण चर्चने तो हक्क अजून सरकारदफ्तरी नोंदवलेला नाही. त्यांनी नोंदवायच्या आत घर तुमच्या नावावर चढलं, की हक्क संपला. तोवर छपराविषयी चकार शब्द नको. कुठेच नको. चर्चमध्ये तर नाहीच."

हे ते कुणाला सांगत होते? डंकनला, जो त्याच छपराखाली घंटा वाजवतो, आणि ज्याची आई दर शनिवारी त्याच वेदीवर फुलं मांडते. माझी मला काळजी नव्हती. मी जात्याच कमी बोलते. लग्नाच्या जेवणात माझ्या मावशीने तर मला नवऱ्याकडची समजून माझी माझ्याशीच ओळख करून दिली होती.

"मग घर कधी नावावर होईल?"

"चोवीस तारखेला."

"तीन आठवडे? उद्या का नाही?"

"चोवीस बरी," असं म्हणून त्यांनी डायरी मिटली. डायरीतली पानं कोरी होती. मला ती उलटी दिसत होती, पण कोरं पान उलटंही कोरंच दिसतं. जिना उतरताना मी डंकनला एवढंच म्हटलं, की तुझ्या मित्राचा ताल खरंच पक्का आहे, झोपेतसुद्धा चुकत नाही.

त्याच संध्याकाळी डंकनने सगळं आईला सांगून टाकलं. (त्याच्या मते आई 'कुठेच'मध्ये येत नाही.) मॉरीननी ऐकून घेतलं आणि त्या डेलियाच्या कंदांविषयी बोलू लागल्या. तेव्हापासून घरात फक्त डेलिया. म्हटलं, यांना यातलं काही कळलेलंच दिसत नाही. डंकन तर रस्त्यात पाद्रीबाई दिसल्या तरी बूट बांधायला खाली बसायचा. नाडी नसलेले बूट असले तरी.

एवढ्या बावळट माणसांच्या भरवशावर माझी कडी ठेवणं मला पटेना. निदान छप्पर किती गळतंय ते आपल्या डोळ्यांनी बघावं, म्हणून पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी डंकनची पक्षी बघायची दुर्बीण घेऊन मी एकटीच चर्चमध्ये गेले. आत चिटपाखरू नव्हतं. अर्धा तास मान वर करून सगळं तपासलं. ओलीचे तीन डाग आणि एक सरकलेलं कौल, बस. थ्वेटसाहेब उगाच खोकले होते.

बाहेर पडताना दाराशी पाहुण्यांची वही होती, शेजारी दोरीने बांधलेलं पेन. आता या देशात वहीत काही न लिहिता चर्चमधून बाहेर पडणं म्हणजे कुणाकडे चहा पिऊन, कसा झाला ते न सांगताच निघून येणं. तसं वळणच नसतं आमच्या हाताला. वहीत रकाने तीन: नाव, पत्ता, अभिप्राय. मी नाव लिहिलं. नवा पत्ता कसा दिसतो, तेही हौसेने लिहून बघितलं. आणि अभिप्राय चांगलाच लिहायचा असतो, म्हणून चांगला लिहिला.

रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाई ग्लेनिस वही घेऊन उभ्या राहिल्या. लोकांना जरा उभारी यावी म्हणून त्या महिन्यातून एकदा चार अभिप्राय वाचतात. नॉर्वेच्या एका कुटुंबाला थडगी आवडली होती. मग त्या म्हणाल्या, "आणि हा आपल्याच गावातला. इमोजेन हॅलम, लार्क कॉटेज. 'वेदीवरचं छप्पर आम्हाला सांगितलं होतं...'" इथे त्यांचा आवाज चढणीवर दमावा तसा मंद झाला. "'...त्यापेक्षा बऱ्याच चांगल्या अवस्थेत आहे.'"

पुढच्या बाकावरून चर्चचे कारभारी मिस्टर क्रॅब्ट्री उठले.

"कुणी सांगितलं होतं?" त्यांनी शांतपणे विचारलं. "आणि लार्क कॉटेजला का सांगितलं होतं?"

डंकन बुटांकडे वाकला. थ्वेटसाहेबांनी डोळे मिटले.

नंतर कॉफीच्या टेबलाशी पाद्रीबाईंनी मला बाजूला घेतलं. "आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं गं, इमोजेन."

"सगळ्यांना?"

"क्रॅब्ट्री सोडून. नुसतं ठाऊक असलं तर काणाडोळा करता येतो. चर्चच्याच वहीत, चर्चच्याच पेनाने लिहिलेलं आलं, की करता येत नाही. विश्वस्त आहोत आम्ही."

"क्रॅब्ट्री बावीस तारखेला मासे पकडायला स्कॉटलंडला जाणार होते," थ्वेटसाहेब बिस्किट बुडवत म्हणाले. "पंधरा दिवस. नोंदणीचे कागद तेच भरतात."

"म्हणून चोवीस?"

"म्हणून चोवीस."

मी मॉरीनकडे पाहिलं.

"दोन आठवडे डेलियावर बोलतेय मी," त्या म्हणाल्या. "मला डेलिया आवडतसुद्धा नाहीत. त्या खोलीत मला शिलाई मशीन ठेवायचं होतं."

क्रॅब्ट्रींनी सोमवारी हक्क नोंदवला, गुरुवारी घरावरचा तो बोजा बघून बँकेने कर्ज मागे घेतलं, आणि मासे पकडायला ते ठरल्या दिवशी गेले.

पुढच्या महिन्यात छप्पर समितीला चिटणीस हवा होता. ज्या गोष्टी बाकीचे लिहीत नाहीत त्या मी लिहिते, या एका गुणावर माझी एकमताने निवड झाली. पहिल्या सभेतला पहिला ठराव, छपराचा मालक शोधून दिल्याबद्दल श्रीमती इमोजेन हॅलम यांचे आभार, मीच सुवाच्य अक्षरात लिहून काढला. इतिवृत्तात चिटणिसाच्या सहीखाली पत्ता घालायची पद्धत आहे. तो मी सासूबाईंचा घातला.