निषेध नोंदवून प्लगइन

"तुझं नाटक तू याच घरात, याच पलंगावर बसून बघशील. माझ्यावर सोड," असं अण्णांनी कमलाबाईंना सांगितलं ते शुक्रवारी सकाळी, पोह्यांवर खोबरं भुरभुरताना. अण्णांनी 'माझ्यावर सोड' म्हटलं की कमलाबाई मनातल्या मनात देवाचं नाव घेतात. मागच्या वेळी असंच म्हणून त्यांनी पंपाचं काम अंगावर घेतलं होतं, आणि पाच दिवस अख्खं घर शेजारच्या विहिरीवर होतं.

पण या वेळी कमलाबाईंचा इलाजच नव्हता. चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरलेलं, त्यावरून घसरून उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला होता. आणि पुण्यात रविवारी संध्याकाळी साडेपाचला एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांचं नाटक होणार होतं. हो, त्यांचंच. चौतीस वर्षं शाळेत दुसऱ्यांची नाटकं बसवून झाल्यावर कमलाबाईंनी सदुसष्टाव्या वर्षी स्वतःची एकांकिका लिहिली, नात सावनीने ती आपल्या कॉलेजात नेली, आणि पोरांनी ती थेट अंतिम फेरीपर्यंत पोहोचवली. आपण लिहिलेलं वाक्य रंगमंचावरून दुसरं कुणी बोलतंय, हे कमलाबाईंना एकदा, फक्त एकदा ऐकायचं होतं. अण्णांनी अजून ती वाचली नव्हती. दाखवली असती तर त्यांनी लाल पेनाने शुद्धलेखन तपासून परत केली असती, म्हणून कमलाबाईंनी वही तांदळाच्या डब्यामागे ठेवली होती.

स्पर्धेचं थेट प्रक्षेपण होतं. सावनीने मेलवर तिकिटाची लिंक पाठवली होती. अण्णांनी मेलच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या, लिंक दिसली, दाबली. 'तिकीट या यंत्रावर नोंदले गेले. आता ते अन्य यंत्रावर चालणार नाही,' असं उत्तर आलं. अण्णा खूश झाले. नोंद झाली म्हणजे काम झालं.

आता अण्णांच्या यंत्राबद्दल सांगायला हवं. अण्णा अलोऱ्याच्या वीजप्रकल्प वसाहतीतल्या सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं होते, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क. न वाचता सही नाही, आणि चोरीची वस्तू घरात नाही, ही त्यांची दोन तत्त्वं. म्हणून त्यांच्या भाच्याने, सलिलने, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली टाकून दिली. फुकट, कायदेशीर, व्हायरस नाही. अण्णा त्यावर नगरपालिकेला दिव्याच्या खांबाबद्दल पत्रं लिहीत आणि दोन वर्षं सुखात होते.

रविवारी तीन वाजता, हाताशी वेळ असावा म्हणून, अण्णांनी लिंक उघडली. पडद्यावर काळा चौकोन आला. चौकोनात लिहिलं होतं, की हा व्हिडिओ पाहण्यासाठी प्लगइन लागेल.

"म्हणजे काय लागेल?" पलंगावरून कमलाबाईंनी विचारलं.

"किरकोळ आहे," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी सलिलला फोन लावला.

सलिल मित्रांबरोबर गुहागरला गेला होता. मागून समुद्राचा आवाज येत होता. "मामा, सोपं आहे. एक छोटा जोड-प्रोग्रॅम बसवायचाय. टर्मिनल उघडा. काळी खिडकी येईल. मी सांगतो ते टाइप करा."

"थांब. वही घेतो."

"वही कशाला?"

"तोंडी आदेशावर मी कधी काम केलेलं नाही."

अण्णांनी फुलस्केप वही उघडली, तारीख घातली, विषय लिहिला आणि सलिलने सांगितलेली ओळ एकेक अक्षर विचारून उतरवून घेतली. मग परत वाचून दाखवली. मग टाइप केली. यात पाऊण तास गेला. तेवढ्यात शेजारच्या यमुनाबाई स्वतःची खुर्ची आणि तळलेले गरे घेऊन आल्या. त्यांना अण्णांनीच शुक्रवारी आमंत्रण दिलं होतं.

"सुरू झालं का हो?" यमुनाबाईंनी काळ्या खिडकीकडे बघत विचारलं. "कुणी दिसत नाही ते?"

"पासवर्ड मागतंय," अण्णा म्हणाले. त्यांनी पासवर्ड टाइप केला. पडद्यावर काही उमटलं नाही. पुन्हा केला. पुन्हा काही नाही. त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला, तर त्यातून शेवेचे दोन तुकडे आणि एक हरवलेली टिकली पडली. पासवर्ड मात्र दिसेना.

"मामा, तो दिसत नसतोच," सलिल फोनवर ओरडला. "तुम्ही फक्त टाइप करा आणि एंटर दाबा."

"दिसत नाही ते बरोबर आहे की चूक, हे मी कसं ठरवायचं?"

"विश्वास ठेवा."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत अण्णांना हा शब्द कुणी वापरून दाखवला नव्हता. त्यांनी डोळे मिटून टाइप केलं, आणि खरंच खिडकीतून ओळी धावायला लागल्या. यमुनाबाईंनी हात जोडले. सलिल म्हणाला, "झालं तुमचं. मी जरा पाण्यात जातो. अर्ध्या तासाने करतो फोन."

सलिल पाण्यात गेला आणि ओळी थांबल्या. खिडकीत करारनामा उभा राहिला. पूर्ण इंग्रजी. खाली प्रश्न होता, या अटी मान्य आहेत का?

आता जगातला कुठलाही माणूस इथे 'हो' दाबून मोकळा होतो. अण्णांनी चष्मा पुसला.

"अहो, काय करताय?" कमलाबाईंनी विचारलं.

"वाचतोय."

"सव्वाचार झाले."

"मान्य आहे का, असं विचारलंय. काय मान्य करायचं ते बघायला नको?"

अण्णा वाचत राहिले. एकेक कलम वहीत उतरवू लागले, समासात शेरे मारू लागले. कलम चारला त्यांनी मान हलवली. कलम सातला 'खुलासा व्हावा' लिहिलं. कलम अकराला ते ताठ बसले. त्यात म्हटलं होतं, की वस्तू आहे तशी दिली आहे, ती चालेलच याची हमी नाही, आणि न चालल्यास कंपनी जबाबदार नाही.

"हे बघ, हे बघ. चालेलच असं नाही म्हणतायत, आणि वर माझी मान्यता मागतायत. आमच्या कचेरीत असा करार आला असता तर मी परत धाडला असता."

"इथे नका धाडू," कमलाबाई कळवळून म्हणाल्या. "मला नाटक बघू द्या हो."

पण सवय फार वाईट. अण्णांनी 'नाही' दाबलं. खिडकीने दोन ओळी लिहिल्या आणि ती गप्प झाली. काळा चौकोन होता तिथेच होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी सलिलचा फोन आला.

"बसलं का प्लगइन?"

"नाही. कलम अकरा मला अमान्य आहे."

"मामा," सलिल म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात? लायसन्सला? अहो, ते आजवर कुणी वाचलेलंही नाही."

"म्हणूनच ते असं लिहितात."

"पहिल्यापासून करा. तीच ओळ, तोच पासवर्ड. आणि या वेळी हो म्हणा. तुमच्या पाया पडतो."

अण्णांनी पहिल्यापासून केलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला, आणि चुकलाय हेही दिसत नव्हतं. करारनामा पुन्हा आला. कमलाबाई पलंगावरून नुसत्या घड्याळाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून अण्णांना स्वतःची लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. त्यांनी वहीत लिहिलं, 'निषेध नोंदवून स्वीकारले', खाली सही केली, आणि 'हो' दाबलं.

पाच अठ्ठावीसला प्लगइन बसलं. सलिलने एक नमुना व्हिडिओ लावायला सांगितला. त्यात एक ससा उड्या मारत होता. यमुनाबाईंनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी कमलाबाईंकडे अशा रुबाबात पाहिलं, की जणू ससा त्यांनीच पाळला होता. मग त्यांनी लिंक उघडली.

काळा चौकोन. फक्त आतली ओळ बदलली होती. 'आपले यंत्र या प्रक्षेपणासाठी योग्य नाही.'

सलिल म्हणाला, "मशीन फार जुनं आहे मामा. आता माझ्या हातात काही नाही."

साडेपाच वाजले. पुण्यात पडदा वर गेला असणार. अण्णा खुर्चीत खचून बसले. या बाईने पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आपल्याकडे एवढं एकच मागितलं, आणि तेवढंही आपल्याला जमलं नाही.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "घर. मधोमध अंतरपाट. एका बाजूला नवरदेव, नाव भाऊ, दुसऱ्या बाजूला वधू. मंगलाष्टकं संपत आलेली."

कमलाबाई काळ्या चौकोनाकडे बघत होत्या आणि नाटक तोंडपाठ म्हणत होत्या. आधी हळू, मग प्रत्येकाचा वेगळा आवाज काढून. "भाऊ भटजींना थांबवतो. गुरुजी, मी नेमकं कशाकशाला हो म्हणतोय, ते आधी मराठीतून सांगा. भटजी म्हणतात, अहो मुहूर्त टळतोय. भाऊ म्हणतो, टळू दे, न वाचता मी सही करत नाही."

यमुनाबाईंना हसू आवरेना. पुढे भाऊ बायकोच्या भाजीच्या यादीवर शेरे मारतो. पोटच्या मुलीचं पत्र आलं तर फक्त पहिल्या दोन ओळी वाचतो, आणि दुकानाची पावती मात्र मागूनपुढून. यमुनाबाईंच्या हातातले गरे सांडले. अण्णाही पहिली दहा मिनिटं हसले. मग हळूहळू हसायचे थांबले.

"कमल, हा भाऊ कुठल्या कचेरीत होता म्हणालीस?"

"अलोऱ्याच्या," कमलाबाई म्हणाल्या, आणि पुढचा प्रवेश सुरू केला.

सव्वासहाला सावनीचा फोन आला. मागे नुसता कल्ला. "आजी, लोक हसून हसून लोळले गं. अंतरपाटाला तर मिनिटभर थांबावं लागलं आम्हाला. अण्णा रागावले नाहीत ना? आणि नीट दिसलं ना मोबाइलवर?"

"मोबाइलवर?" अण्णांनी फोन हातात घेतला.

"मेलमध्ये लिहिलं होतं की मी, ता. क. घालून."

अण्णांनी मेल उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा घरचं पत्र शेवटपर्यंत वाचलं. खाली, अगदी खाली, होतं. 'ता. क. अण्णा, ही लिंक तुमच्या कॉम्प्युटरवर उघडू नका, तिथे चालणार नाही. आजीच्या मोबाइलवर उघडा. कृपया हे शेवटपर्यंत वाचा.'

फोन ठेवल्यावर यमुनाबाई सांडलेले गरे वेचू लागल्या.

"अहो," कमलाबाई म्हणाल्या, "ती फुलस्केप वही जरा इकडे द्या."

"कशाला?"

"पुढचं नाटक लिहायला घेते. संवाद सगळे आयते आहेत."

अण्णांनी वही दिली. पोच मागायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.