खांबावरची घरगाडी

थोरली नात ब्रिटा हिचं लग्न ठरलं ते वर्ष १९९८. लग्न एप्रिलात, मिनेसोटात. तिचे आजोबा ऑरिन आणि आजी लव्हॉन दरवर्षीप्रमाणे थंडी काढायला ॲरिझोनाच्या वाळवंटात, आपल्या घरगाडीत. ऑरिन विमानात पाय ठेवत नसे, म्हणजे लग्नाला पोचायचं तर घरगाडीनेच.

अशात गाडीतली स्टोव्हपुढची जमीन खचू लागली. लव्हॉन अंडी तळायला उभी राहिली की तिचा एक पाय खाली जाई. गाडी गॅरेजात नेऊ या, असं ती म्हणाली. ऑरिनने करवत काढली.

घरगाड्यांच्या त्या तळावर एक रीत होती. कुणी हत्यार हातात घेतलं की शेजारचे म्हातारे आपापली घडीची खुर्ची घेऊन येत आणि सल्ला देत. दुपारपर्यंत चार खुर्च्या लागल्या. कुजका भाग कापता कापता भोक पार दारापर्यंत आलं. नवं प्लायवूड टाकलं तरी ते लचकतच होतं, कारण खालच्या पट्ट्याही गेलेल्या. तेव्हा गेलर्ड उठला. उभा जन्म त्याने पूल बांधले होते.

“खालून खांब दे,” तो म्हणाला. “माझा एकही पूल आजवर लचकलेला नाही.”

गाडीखाली खड्डा खणला, सिमेंटचा खांब ओतला, वर प्लायवूड बोल्टांनी आवळलं. खांब वाळल्यावर चौघा म्हाताऱ्यांनी त्यावर उड्या मारून पाहिल्या. जमीन तसूभर हलली नाही. ऑरिन येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावून ती दाखवू लागला. सगळेच चाकांवर राहणारे, पण चाकं कुणालाच आठवली नाहीत.

निघायच्या सकाळी गाडी जागची हलेना. चाक वाळूत रुतलंय, असा गेलर्डने निवाडा दिला आणि सगळे मागून ढकलू लागले. ऑरिनने इंजिनाला जोर दिला. कडाडकन आवाज झाला आणि गाडी वीतभर पुढे जाऊन खांबाला अडली.

“ऑरिन,” आतून लव्हॉनचा शांत आवाज आला, “मी जागेवरच आहे. स्टोव्ह निघालाय.”

गेलर्डने घण आणला. घणाचा दांडा मोडला, खांबाचा टवकाही उडाला नाही. “बघा, काम कसं आहे ते,” असं तो बोलून गेला.

लव्हॉनने फावडं उचललं.

“सरका. तुमचा पूल राहू दे इथंच, मला नातीच्या लग्नाला जायचंय.”

ती गाडीखाली शिरली आणि खांबाच्या बुडाशी खणू लागली. मग लाजेकाजेने एकेक म्हातारा खाली शिरला. उन्हं कलली तेव्हा खांब त्या खड्ड्यात आडवा झाला. भोकावर जेवायच्या टेबलाची फळी ठोकली आणि गाडी निघाली.

वाटेतल्या सगळ्या राज्यांची धूळ त्या फळीच्या फटीतून आत आली. लव्हॉनचा लग्नासाठीचा निळा झगा करडा झाला, पण दोघं वेळेवर पोचली. चर्चमध्ये ब्रिटा आत येत असताना ऑरिनच्या पायाखालची फळी करकरली. तो वाकून बघू लागला.

“वर बघ,” लव्हॉन म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

गेलर्ड २००३ च्या थंडीत वारला. ऑरिन २००६ च्या मार्चमध्ये गेला. खांब अजून तिथंच, वाळूत आडवा आहे.