ग्लेनिसच्या जागी ग्लेनिस

"आता सगळी सूत्रं माझ्या हातात!" ग्लेनिसने नवऱ्याला, इद्वालला, ठणकावून सांगितलं.

वेल्समधल्या त्या एकाच हॉस्पिटलात, एकाच वॉर्डात, बावीस वर्षं ती कायमची नर्स होतीच. आता त्याच हॉस्पिटलात तिने दुसरी नोकरी धरली होती. गरजेपुरती! म्हणजे कुठल्याही वॉर्डात माणूस कमी पडलं की ऑफिस सगळ्यांच्या फोनवर कळवणार, आणि जिला हवी तिने ती ड्यूटी उचलायची.

"म्हणजे एकाच घरची तूच मालकीण आणि तूच मोलकरीण," इद्वाल पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"मनात आलं तर हो म्हणायचं, नाही तर नाही! राणी आहे मी राणी!"

पण राणीच्या राज्यात गर्दी फार! ड्यूटी फोनवर झळकली रे झळकली की हॉस्पिटलातल्या झाडून सगळ्या नर्स तिच्यावर तुटून पडायच्या. ग्लेनिस चष्मा शोधून वाचेपर्यंत सगळं संपलेलं असायचं. पहिल्याच आठवड्यात सात ड्यूट्या हातच्या गेल्या. मग तिने युक्ती काढली. फोन वाजला की आधी बोट दाबायचं, वाचायचं मागाहून! ही युक्ती तिने कौतुकाने सगळ्यांना सांगितली. तिच्या चॅपलचा, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चचा, गायनवृंद चालवणारी बेथन याच हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिलाही सांगितली.

तर हा गायनवृंद! शनिवारी दुपारी तीन वाजता शेजारच्या गावात त्यांची स्पर्धा होती. अठरा वर्षं मागच्या रांगेत उभं राहून गाणाऱ्या ग्लेनिसला यंदा पहिल्यांदाच आठ ओळी एकटीने गायच्या होत्या. शहाऐंशी वर्षांची आई खास ऐकायला येणार होती. आणि नेमकी शनिवारी ग्लेनिसची ड्यूटी!

"बदली नर्स मिळाली तर खुशाल जा," वॉर्डची मुख्य सिस्टर मॉरविथ म्हणाली. "पण बदलीशिवाय पाऊल हलवायचं नाही. चोवीस पेशंट आहेत, बाई!" आणि तिने ऑफिसला कळवलं.

गुरुवारी संध्याकाळी ग्लेनिस तव्यावर बेदाण्यांचे केक भाजत होती. फोन वाजला. पिठाचं बोट सपकन पडलं!

"मिळाली!"

"कुठली?" इद्वालने विचारलं.

"बघते नंतर, केक करपतोय!"

दोनच मिनिटांत मॉरविथचा फोन. "ग्लेनिस, सुटलीस! तुझी बदली मिळाली. आत्ताच कळवलं ऑफिसने."

झालं! ग्लेनिसने इद्वालला धरून स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. त्या आनंदात 'नंतर बघते' ते राहूनच गेलं.

स्पर्धेच्या जागी सकाळपासूनच तालीम होती, म्हणून शनिवारी साडेसातलाच लाल मखमली ड्रेस घालून ती गायनवृंदाच्या बसमध्ये चढली, तोच मॉरविथचा फोन.

"तुझ्या बदलीचा पत्ता नाही गं!"

"म्हणजे काय!" ग्लेनिस कडाडली. बस दचकली. "कोण आहे ही बया? चोवीस पेशंट वाऱ्यावर सोडून घरी लोळतेय? लाज कशी वाटत नाही! नाव सांग मला, आत्ता तिच्या घरी जाऊन झिंज्या धरून आणते!"

"थांब, ऑफिसला विचारते."

दुसऱ्या फोनवर ऑफिसला विचारून झालं. मग मॉरविथ अगदी थंड आवाजात म्हणाली, "ये मग. झिंज्या धरून ये. तूच आहेस ती!"

वीस मिनिटांनी लाल ड्रेस वॉर्डातल्या कपाटात कोंबून, अंगावर जुना गणवेश चढवून ग्लेनिस कामाला लागली होती. डोळे भरून येत होते. आई वाट बघत बसेल, या विचाराने तिला दोनदा हुंदका आला. मॉरविथचं मन विरघळलं.

"एक वाजल्यापासून पुढची ड्यूटी फोनवर टाकते. कुणीतरी घेईल, मग पळ. पण आधी तो तुझा फोन इकडे दे! हात नको लावूस!"

तीन मिनिटांत ड्यूटी गेली. कुणी घेतली हे मात्र ऑफिसने कळवलं नाही, आणि विचारायची मॉरविथची हिंमत झाली नाही.

एकच्या ठोक्याला टॅक्सीतून धापा टाकत उतरली ती बेथन!

"अगं, तू इथे कशी?"

"कशी म्हणजे? फोन वाजला, बोट गेलं! तुझीच ना ती युक्ती?"

"मग परत कर ना ड्यूटी!"

"केली तर तू अडकशील. जा, टॅक्सी थांबवलीय." बेथनने तिच्या हातात गायकांना ताल दाखवायची आपली छडी कोंबली. "आज वृंद तू चालव. सगळ्यांचे सूर तुलाच पाठ आहेत."

"आणि माझ्या आठ ओळी?"

"वृंदापुढे हात हलवणारा गातो कधी? त्या मागच्या रांगेतली ब्लॉडवेन गाईल."

ग्लेनिसचा चेहरा पडला. पण ड्रेस चढवून ती धावली.

काय गायला तो वृंद! ग्लेनिसचे हात असे फिरत होते की शेवटच्या सुराला छप्पर उडायचं बाकी राहिलं. पहिला नंबर! सगळ्यांनी तिला उचलून धरलं. कप हातात घेऊन, हसत रडत, ती चहाच्या टेबलाशी बसलेल्या आईला बिलगली.

"आई, माफ कर गं. एवढ्या लांबून आलीस आणि ब्लॉडवेनचं गाणं ऐकावं लागलं."

"बरी गायली ती. पण मी तुझ्याकडेच बघत होते."

ग्लेनिसला भरून आलं. "माझी तर नुसती पाठच दिसली असेल."

"दिसली ना. आणि तिच्यावरचं वाचलंही, सगळ्या हॉलने वाचलं." आईने हात लांब करून तिच्या ड्रेसला मागे चिकटून आलेला, वॉर्डातल्या कपाटातला भला मोठा कागद सोडवला. "'या पेशंटला तोंडाने काहीही देऊ नये.' म्हणून तुझ्या वाटचा केक मीच खाल्ला."