सहा थरांची प्रतीक्षाधून

पाणीपुरवठा कार्यालयाने नागरिकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्याचा धाडसी निर्णय घेतला, तेव्हा सर्वांत आधी एक अडचण पुढे आली. नागरिक फोन करणार, म्हणजे त्याला ताटकळत ठेवावं लागणार. आणि ताटकळत ठेवायचं तर त्याच्या कानाशी काहीतरी वाजायला हवं. तक्रारी ऐकणारी माणसं नेमण्याची बाब तूर्त बाजूला ठेवून कार्यालयाने प्रतीक्षाधून करायला एक संगीतकार नेमला.

संगीतकाराने हे काम अधाशासारखं पकडलं, त्याला कारण होतं. त्याच्या घरातला नळ कित्येक दिवस ठणठणीत कोरडा होता. आई रोज सकाळी तोटी फिरवायची, नळाचं फुस्स ऐकून घ्यायची आणि गुडघ्यांना शिव्या घालत जिना उतरून खालून बादल्या आणायची. तो मदतीला उठला की म्हणायची, “तू बस. बोटं दुखावून घेशील, मग वाजवशील काय, कपाळ?” त्याला ते बघवत नसे.

म्हणून पहिल्याच भेटीत त्याने नळाची गोष्ट मोठ्या साहेबांच्या कानावर घातली.

“अहो, तुमचं काम ते आमचं काम!” मोठे साहेब म्हणाले. “फक्त काय झालंय, तक्रारी आता फोनवरच घ्यायच्या असं ठरलंय. फोन सुरू व्हायचा तर धून मंजूर व्हायला हवी. म्हणजे बघा, तुमचं पाणी तुमच्याच हातात आहे.”

त्याने एका बैठकीत धून केली. संगणकातल्या एकाच सिंथवर, म्हणजे वाद्याचं सोंग घेतलेल्या सॉफ्टवेअरवर, बासरीच्या जवळचा एक साधा आवाज. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी आपलं माणूस शेजारी येऊन बसलंय. आपण केलेलं काही इतकं बरं झालंय असं त्याला फार दिवसांनी वाटलं.

मोठ्या साहेबांनी ती डोळे मिटून ऐकली. “छान. पण एकटी पडते हो. कार्यालय म्हटलं की कसं भारदस्त वाटलं पाहिजे.”

मागणी रास्त होती. या धंद्यात एका सिंथखाली दुसरा सिंथ वाजवून आवाजाला थर देतातच. त्याने खाली एक खर्जातला आवाज घातला. त्यावर धाकटे साहेब म्हणाले, “भारदस्तपणाने नागरिक बिचकेल. आपुलकीचा थर हवा.” तिसरा सिंथ आला. तांत्रिक विभागाने पाण्याचा संबंध स्पष्ट करण्याची सूचना केली, म्हणून चौथ्या सिंथवर खळखळ आली. विधी विभागाने हरकत घेतली, की खळखळ ऐकून नागरिकाला पाणी येणार असल्याचं आश्वासन मिळाल्यासारखं वाटेल. सबब खळखळ कायम ठेवून ती बंधनकारक वाटू नये अशी तजवीज करावी. पाचव्या सिंथवर धुकट आवाज घेऊन खळखळ झाकण्यात आली. काटकसर विभागाने एकच स्वर वापरणारा सहावा थर सुचवला आणि तो जास्तीचा घेतला.

आता सहा सिंथ एकमेकांच्या उरावर बसले. अशा वेळी एका आवाजाचं खालचं अंग छाटतात, दुसऱ्याचं वरचं, मग सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. पण छाटायला कुणी राजी होईना.

“आज थराला कात्री लावाल, उद्या पदाला लावाल,” धाकटे साहेब म्हणाले.

आवाजाची पातळी सेवाज्येष्ठतेनुसार ठेवायची असंही ठरलं. धाकट्यांचा थर जरा चढला की मोठ्यांचा चढवावा लागे. शेवटी सगळे आवाज फाटतो त्या लाल रेघेच्या वर गेले, बासरी कुठल्या कुठे बुडाली आणि उरला एक अखंड ‘घूंऽऽ’.

अंतिम मंजुरीसाठी दोन्ही साहेब संगीतकाराच्या घरी, त्याच्या कामाच्या खोलीत आले. “जरा वर... जरा खाली... अजून ते हे नाही येत,” असं बराच वेळ चाललं. तेवढ्यात आई जिना चढून आली, धापा टाकत, हातात बादली. पाहुण्यांना तिने आधी पाणी दिलं.

“वा, गार आहे हो!” मोठे साहेब म्हणाले. धाकट्यांनी दुसरा पेला मागितला.

संगीतकाराच्या डोक्यात तिडीक गेली. पण तो हसला. समोरच्या वाजवायच्या कीबोर्डवर एक गोल बटण होतं, कशालाच न जोडलेलं. ते दाखवून तो म्हणाला, “साहेब, सहाही थरांचा समतोल यात आहे. पण हे अधिकारी माणसानेच फिरवावं.”

मोठ्या साहेबांनी ते केसभर फिरवलं. ‘घूंऽऽ’ जसं होतं तसंच राहिलं.

“हां! आता कसं!” ते ओरडले.

धाकट्यांनी ते उलट फिरवलं. “आपुलकी आली बघा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच दाटला.

धून जागच्या जागी मंजूर झाली. निघताना मोठ्या साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. “कमाल बटण आहे. जोडलंय कुठे?”

मंजुरी पदरात पडली होती आणि माणूस मुळात सरळ होता. त्याने सांगून टाकलं, “कुठेच नाही, साहेब.” आता हातातलं काम जाणार आणि नळही कायमचा कोरडा राहणार, अशा तयारीने तो उभा राहिला.

साहेबांनी ते बटण पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. “म्हणजे काहीही न करता माणसाला बरं वाटतं?” ते हळूच म्हणाले. “आणि आम्ही वेडे, इतकी वर्षं पाइप टाकत बसलो!”

फोनसेवा थाटात सुरू झाली. आईने चष्मा लावून नंबर फिरवला. “पाण्यासाठी एक दाबा,” आवाज आला. तिने दाबला. घूंऽऽ. “तातडीच्या पाण्यासाठी दोन दाबा.” तिने दाबला. “वयोवृद्ध नागरिकांनी तीन जरा जोरात दाबावा.” तिने जिवाच्या आकांताने दाबला.

“आता कसं बरं वाटलं,” फोन ठेवत ती म्हणाली. “निदान कुणीतरी विचारलं रे. धून तूच केलीस ना? छान आहे.”

त्याला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं. खरं काय ते सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण तिचा चेहरा इतका निवांत झाला होता, की त्याने ते मिटून घेतलं. ती बादली उचलून जिना उतरू लागली. तो उठला आणि नळाची तोटी फिरवून आला. फुस्स झालं, तरी जरा बरं वाटलं.

या कथेबद्दल कोणाची तक्रार असल्यास त्यांनी या पानाच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरावा. दाब जितका जास्त, तितकी दखल गंभीर.

दाबलात? बघा, कथा आता बरी वाटते की नाही!