संरक्षित गळती

जी वस्तू सगळ्यांची होते, तिची काळजी कोणालाच करावी लागत नाही, हा संस्कृतीचा पाया आहे.

जुन्या नाशकातल्या आमच्या दगडी मशिदीला हे भाग्य १९७४ साली लाभले. त्याआधी तिची अवस्था फार शोचनीय होती. ती कोणालाही न विचारता उभी होती. मशीद सांभाळणारे चाँदभाई पिंजारी मृगाआधी टोपली घेऊन गल्लीत फिरत. घरोघरी मूठभर गूळ मिळे. (नमाज कोण पढतो आणि आरती कोण करतो, हे गुळाला कळत नाही.) सावळीराम गवंडी तो गूळ चुन्यात मळून घुमटाला लेप देई. सावळीरामच्या पणज्यापासून हा अशास्त्रीय प्रकार चालू होता, आणि घुमट गळल्याचे कोणाला आठवत नव्हते.

मग मशीद संरक्षित झाली. पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी कमानीवर फलक ठोकला: 'या वास्तूस कोणीही खिळा मारू नये.' (खिळे चार.) गुळाला बंदी झाली. गल्लीला हायसे वाटले. गूळ महागच झाला होता.

दुसऱ्याच पावसाळ्यात घुमट गळू लागला.

"साहेब, दोन घमेली चुना लावू द्या हो, लय गळतंय," चाँदभाई म्हणाले.

"चाँदभाई, आता ती देशाची गळती आहे. हात लावायचा नाही."

मुद्दा बिनतोड होता. पाहणी झाली, मग पाहणीची पाहणी झाली. घुमटावर पिंपळ उगवला. हद्दीत असल्याने तोही संरक्षित ठरला. फलकाची अक्षरे मात्र पावसाने पुसू लागली, तेव्हा खाते खडबडून जागे झाले आणि फलकावर पत्र्याचे छप्पर आले. पावसात नमाजी त्या छपराखाली उभे राहू लागले. शुक्रवारी दाटी होई, पण फलक सगळ्यांचा पाठ झाला.

१९८३च्या श्रावणात घुमट बसला. (आत कोणी नव्हते. सगळे फलकाखाली होते.) खात्याने कळवले: 'गळती कायमची थांबली आहे. तक्रार निकाली.' चाँदभाई ढिगाऱ्यावर बसून ढसाढसा रडले. सावळीरामने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्याला परवानगी लागली नाही.

बातमी छापून आली, तशी नाशकातल्याच द्वारका चौकातून रिक्षा भरभरून माणसे बघायला आली. तुम्हीही आलात, फार हळहळलात.

"इतकी वर्षं कुणीच कसं काही केलं नाही हो?" तुम्ही विचारलेत.

चाँदभाईंनी डोळे पुसले आणि रिकामी टोपली पुढे केली. "भिंती हायेत अजून. मृगाला मूठभर गूळ द्याल?"

"अहो, ते खात्याचं काम!" तुम्ही म्हणालात.

तेवढ्यात सर आली, आणि तुम्ही पळत जाऊन फलकाखाली उभे राहिलात.