जुना कॅमेरा आणि पहाऱ्यावरचे सासरे

"यांना पहाऱ्यावर बसवू नकोस," सासूबाईंनी मला बजावलं होतं. "एकदा बसले की सुट्टी झाल्याशिवाय उठत नाहीत. मुलगा झाला तेव्हाही बदलीचा माणूस आला नाही म्हणून बँकेच्या दारातच उभे होते!"

मी हसण्यावारी नेलं. तीस वर्षं बँकेचं दार राखलेला माणूस घरात असताना दुसरा पहारेकरी शोधायचा तरी कुठे? शिवाय माझी तयारी अशी होती, की भामट्यांनीच माझ्याकडे शिकवणी लावावी!

कारणही तसंच होतं. लेक अकरा महिन्यांची, कुठल्याही क्षणी पहिलं पाऊल टाकणार! आजोबांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवला की सोफ्याचा हात सोडून डुलायची. माझ्या फोनमध्ये तिचे चारशे फोटो आहेत आणि सगळ्यांत ती धुक्यातून निघालेल्या बससारखी दिसते. पहिलं पाऊल काही पुन्हा पडत नाही. म्हणून मी ऑनलाइन एक वापरलेला कॅमेरा हेरला.

"अनोळखी माणसाकडून घेणार?" नवऱ्याने विचारलं.

"अनोळखी कसला? त्याच्या तीन वर्षांच्या पोस्ट वाचल्यात मी. त्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन कधी झालं तेसुद्धा सांगते!"

माझे नियम पक्के होते. आधी एक पैसा द्यायचा नाही. घरी जायचं नाही, गजबजलेल्या कॉफीच्या दुकानात भेटायचं. बिलावरचा नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी छापलेल्या नंबराशी जुळवायचा. आपलंच कार्ड घालून फोटो काढून बघायचा. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर सासरे!

"बाबा, तुम्ही मला ओळखत नाही."

"बरं."

"फोन बंद ठेवा. मी केसांची क्लिप काढून परत लावली की काम झालं. तोवर हलायचं नाही."

"सूनबाई, ड्यूटी मला शिकवू नकोस!"

विकणारा आला. दाढीवाला, दारातून तिरकं होऊन शिरावं लागेल एवढा धिप्पाड, पण माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. मी टॉर्च काढली, भिंगातून आरपार पाहिलं आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत नाक खुपसलं.

"ताई, वास कसला घेताय?"

"दमट जागी ठेवला असेल तर भिंगाला बुरशी धरते. नाकाला आधी कळतं!"

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या, घरातही गॉगल न काढणाऱ्यांपैकी दिसणाऱ्या, एक बाई ताडकन उठल्या. "अहो मालक! ते कोपऱ्यातले गृहस्थ अर्धा तास माझ्या मुलावर डोळे रोखून बसलेत! पेपर उलटा धरलाय त्यांनी!"

दाढीवाला कपाळाला हात लावून पुटपुटला, "आई, तू मला ओळखत नाहीस असं ठरलं होतं ना!"

म्हणजे त्यानेही पहारा आणला होता! मालक सासऱ्यांकडे गेले.

"काका, कुणाबरोबर आलात? या ताईंबरोबर का?"

सासऱ्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "हिला? जन्मात पाहिलं नाही!"

मालक माझ्याकडे वळले. आता खरं सांगावं, तर दाढीवाला कॅमेरा उचलून पळणार. "मीही नाही पाहिलं यांना," मी म्हणाले.

सासऱ्यांच्या डोळ्यांत कौतुक मावेना!

मग मी धांदलीत दाढीवाल्याचा एक फोटो काढला, नंबर जुळवला, पैसे दिले आणि कॅमेरा छातीशी धरून जी सुटले, ती थेट घरी.

लेक सोफ्याला धरून उभीच होती. मी गुडघ्यांवर बसून कॅमेरा डोळ्याला लावला. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी कपाटाच्या किल्ल्या वाजवल्या. ती ढिम्म! टक लावून दाराकडे बघत होती.

"हे कुठे राहिले?" सासूबाईंनी विचारलं.

माझा हात केसांकडे गेला. क्लिप जागच्या जागी होती. सकाळी लावली तशी!

धीर यावा म्हणून मी तो दुकानातला फोटो उघडला. दाढीवाला पार पुसट. पण त्याच्या कानामागे, कोपऱ्यात, उलट्या पेपरवरून रोखलेले दोन डोळे असे लख्ख, की भुवयांचा केस न् केस मोजावा! कॅमेरा एक नंबर निघाला.

नवरा स्कूटर घेऊन धावला. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. "अगं, बाबा उठतच नाहीत! तू पाठवलंस म्हटलं, तर म्हणतात, 'कोण ती? मी कुठल्याच सूनबाईला ओळखत नाही.'"

म्हणून आता मीच निघालेय. लेक कडेवर, कॅमेरा गळ्यात, क्लिप केसांत. पण पंधरा मिनिटं झाली, रिक्षा मिळत नाहीये. तुमच्यापैकी कुणी त्या कॉफीच्या दुकानापाशी असेल, तर कोपऱ्यातल्या टेबलाकडे एकदा बघून याल का? तपकिरी टोपी, उलटा पेपर. चहा गार झाला असेल तर दुसरा सांगा. फक्त मी पाठवलंय असं म्हणू नका.

ते मला ओळखत नाहीत.