एनिडचा डबा आणि क्लॅरीचे गारफिश

आमिषाच्या दुकानापर्यंत आज चालायचं नाही, असं क्लॅरी ट्रेझाइजने सकाळी ठरवलं. गुडघे दुखत होते. (हे त्याने कुणाला सांगितलं नसतं.) शेडमधल्या जुन्या फ्रिजात आइस्क्रीमचा डबा होता. त्या गावात आइस्क्रीम एकदा खातात आणि डबा जन्मभर आमिषाला वापरतात. आत ओलं शेवाळ होतं, त्यात कोळंबीच्या जातीचे तांदळाएवढे जीव टणाटण उडत होते. त्याने डबा काखोटीला मारला आणि जेटी गाठली.

मूठभर शेवाळ पाण्यात टाकताच लांब चोचीच्या गारफिश माशांची झुंबड उडाली. लग्नाआधी असेच मासे गळाला लागायचे. तेव्हा एनिड, आता त्याची बायको, जेटीच्या खांबाला कंदील टांगायची, आणि तिचं लक्ष माशांकडे नसायचं. क्लॅरी उगाच पाण्याकडे बघत बसला. डोळ्यांत वारा गेला होता, दुसरं काही नाही.

दुपारी त्याने बादली ओट्यावर आपटली.

"आमिष कुठलं?" एनिडने विचारलं.

"शेडमधलं."

एनिड खुर्चीत बसली. "आइस्क्रीमच्या डब्यातलं?"

"मग काय तुझ्या दागिन्यांच्या डब्यातलं?"

"दागिनाच होता तो. त्या उडणाऱ्या जिवांतला मोठ्या नांगीचा नर. तसला एकच सापडला होता मला. नवी जात आहे का ते बघायला उद्या म्युझियमची बाई येतेय."

"एक होता तिथे शंभर असतील."

"शेवाळ जेटीच्या जुन्या खांबांवरचं होतं, क्लॅरी. ते खांब क्रेनने उपटून नेले. आपण कंदील टांगायचो तोसुद्धा."

आयुष्यभर क्लॅरीचं एकच शास्त्र होतं: समुद्रात दोनच जाती, खाणारे आणि खाल्ले जाणारे. त्याने मुकाट्याने सुरी उचलली.

तो माशांची पोटं चिरून एनिडपुढे ठेवू लागला. ती तिच्या छंदाच्या सूक्ष्मदर्शकातून त्यांनी गिळलेले जीव बघायची.

"हा?"

"हा वरून दाबल्यासारखा चपटा आहे. वेगळं कुळ. आपला दोन्ही कुशींनी दाबलेला."

"माझ्यासारखा."

"तुझं पोट बघितलंस का कधी?"

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "ये, बघ." क्लॅरीने डोळा लावला. गिळलेल्या एका जोडीतला नर अजून मादीला पोटाशी कवटाळून होता.

"ती कात टाकेपर्यंत सोडत नाही तिला," एनिड म्हणाली. "दुसरा कुणी नेईल म्हणून."

"शहाणा आहे."

"नाचाच्या हॉलमध्ये तू असाच करायचास. मला बाथरूमलासुद्धा जाऊ देत नव्हतास."

क्लॅरीला ते आठवत होतं. त्याने पुढचा मासा चिरला.

एनिडचा तो नर शेवटच्या माशात निघाला. एक मिशी तुटली होती, नांगी शाबूत. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग गारफिश लोण्यात तळून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी म्युझियमची बाई लेन्समध्ये बराच वेळ बघत राहिली. जात नवी दिसतेय, म्हणाली. नाव एनिडने सुचवावं. क्लॅरीने केस ओले करून विंचरले होते. तो खाकरला.

एनिडने नाव त्या जेटीचं सुचवलं.

"माझं काहीच नाही का त्यात?" बाई गाडीत सामान ठेवायला गेल्यावर त्याने विचारलं.

"आहे की," एनिड म्हणाली. "याला खातं कोण, असं तिने विचारलं. मी सांगितलं, गारफिश आणि क्लॅरी."